कुर्ला ते चाकण : मागच्या चाकांचा प्रवास

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी बाहेर पडू लागली. १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी हे नाव धारण केलेली आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने मुंबईच्या रस्त्यांवर दीर्घकाळ राज्य केलेली ही गाडी घडणीने त्या काळच्या बहुतेक मोटारींसारखीच होती : इंजिन पुढे आणि गाडीला ढकलणारी चाके मागे. या रचनेला रिअर व्हील ड्राइव्ह म्हणतात. उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड याही याच घडणीच्या असल्यामुळे स्वातंत्र्यानंतरची सुमारे तीन दशके चाके कोणती फिरवावीत, हा प्रश्न भारतीय कारखानदारापुढे फारसा आलाच नाही. तो पुढे आला, एका बाजूने निकालात निघाल्यासारखा वाटला, आणि विजेच्या गाड्यांमुळे आता पुन्हा उभा राहिला आहे.

पद्मिनीच्या इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून निघून, गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्ट नावाच्या लांब पोलादी नळीवाटे मागच्या आसापर्यंत पोहोचत असे. तेथे डिफरन्शियल हा दातेरी चक्रांचा संच फिरण्याची दिशा काटकोनात वळवी आणि तो जोर दोन्ही चाकांत असा वाटून देई, की वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त फेरे घेता येत. मागचा आस पाट्यांवर तोललेला, म्हणून प्रत्येक खड्ड्यात वरखाली होणारा, तर गिअरबॉक्स पुढे जखडलेला; या दोहोंमधला कोन सतत बदलत असल्यामुळे शाफ्टला युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोन बदलला तरी फिरते राहणारे सांधे बसवावे लागत, ज्यांना गॅरेजमध्ये आजही नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. क्रॉस झिजला की गाडी जागची हलताना खालून ठक्क असा आवाज येई, आणि मेस्त्री गाडीखाली शिरून शाफ्ट हाताने उलटसुलट पिळून पाही व दोष ओळखी. या यंत्रणेतले जवळपास सर्व भाग सुटे करता येण्याजोगे आणि हाताच्या अंतरावर होते, हा टॅक्सीच्या धंद्याच्या दृष्टीने तिचा मोठाच गुण होता. तिची किंमत मात्र प्रवासी मोजत असे, कारण शाफ्टला वाट देण्यासाठी तळाचा पत्रा मधोमध उंच करावा लागे आणि मागच्या बाकावर मध्ये बसणाऱ्याला पाय कोठे ठेवावेत हे कळत नसे.

हीच अडचण दूर करण्याचे प्रयत्न युरोपात फार आधीपासून चालू होते. सित्रोएनने १९३४ मध्ये पुढच्या चाकांना जोर देणारी, म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्हची गाडी मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली, आणि १९५९ च्या ब्रिटिश मिनीत ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवून गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घेतला. परंतु जगभरच्या कारखान्यांनी पुढे जी मांडणी उचलली ती डान्ते जाकोसा या इटालियन अभियंत्याची : आडव्या इंजिनाच्या टोकाला गिअरबॉक्स जोडायचा आणि त्यातून दोन्ही चाकांकडे कमीजास्त लांबीचे दांडे न्यायचे. ती १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिम्युलात आली आणि १९६९ च्या फियाट १२८ मध्ये रुळली. कुर्ल्यात तयार होणाऱ्या फियाट ११०० मागेही हेच जाकोसा होते, ही गोष्ट भारतीय मोटारधंद्याच्या इतिहासात अधिक ठळकपणे नोंदवली जायला हवी. कारण ज्या अभियंत्याने आपल्याच जुन्या मांडणीला पर्याय शोधला, त्याची ती जुनी मांडणी परवान्यांच्या राजवटीत बराच काळ स्पर्धेची झळ न लागता, पुढे तीन दशकांहून अधिक काळ मुंबईत तयार होत राहिली.

१९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ने हे चित्र पालटले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे आडवे इंजिन पुढच्याच चाकांना जोर देत असल्याने शाफ्ट गेला, मागच्या आसातले डिफरन्शियल गेले, वजन उतरले, आणि छोट्याशा गाडीत चार माणसांना पुरेशी जागा मिळाली. टाटांनी १९९८ मध्ये पिंपरीतून इंडिका आणली तेव्हा हीच मांडणी स्वीकारली, आणि कुर्ल्यातील पद्मिनीचे उत्पादन त्यानंतर लवकरच थांबले. हा विजय स्वस्ताईचा आणि जागेच्या काटकसरीचा होता. चालवण्याच्या गुणांचा त्यात फारसा वाटा नव्हता. गाडी वेग घेताना तिचा भार मागे सरकतो, पुढची चाके हलकी होतात, आणि नेमक्या त्याच चाकांनी वळायचे व ओढायचेही असा दुहेरी भार या रचनेत त्यांच्यावर पडतो.

म्हणूनच जेथे ओझे हा मुख्य प्रश्न होता तेथून मागची चाके हटली नाहीत. खुद्द मारुतीनेच १९८४ च्या व्हॅनमध्ये ८०० चे इंजिन पुढच्या आसनांखाली ठेवून जोर मागच्या चाकांना दिला. टाटांची सुमो आणि महिंद्रांची बोलेरो व स्कॉर्पिओ याही त्याच वाटेच्या. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना वडाप म्हणतात त्या खेपांच्या जीपगाड्या माणसांनी खच्चून भरून घाट चढत, तेव्हा मागे बसलेल्यांचे वजन जोर देणाऱ्या चाकांवरच पडे आणि त्यांची पकड वाढे. पुढची चाके फिरवणाऱ्या गाडीत तेच वजन चढावर पकड कमी करणारे ठरले असते. रिकाम्या गाडीचा मागचा भाग ओल्या रस्त्यावर घसरण्याचा धोका मात्र या रचनेत खराच होता, आणि चाकांचा वेग मोजून ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक स्थैर्यप्रणाली येईपर्यंत तो निव्वळ चालकाच्या कसबावर सोडलेला होता.

विजेच्या मोटारीने या वादाचा पायाच बदलला. लहान आकाराची मोटार थेट मागच्या आसावर बसत असल्यामुळे शाफ्ट लागत नाही, उंचवटा लागत नाही, आणि फ्रंट व्हील ड्राइव्हच्या बाजूचा जागेचा जुना युक्तिवाद निकामी होतो. तरीही २०२० ची नेक्सॉन ईव्ही पुढच्याच चाकांवर चालते, कारण तिचा सांगाडा पेट्रोलच्या नेक्सॉनचा आहे. याउलट महिंद्रांनी २०२४ च्या नोव्हेंबरात दाखवलेल्या आणि चाकणला तयार होणाऱ्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या गाड्या केवळ विजेसाठी आखलेल्या सांगाड्यावर असल्याने त्यांची मोटार मागे आहे. टाटांच्या हॅरियरमध्ये तर एकाच नावाखाली दोन्ही मते नांदतात : डिझेलची गाडी पुढच्या चाकांवर, आणि २०२५ ची विजेची गाडी मागच्या किंवा चारही चाकांवर.

ब्रेक दाबताना भार पुढे जात असल्यामुळे त्या वेळी वीज परत मिळवण्याचे काम पुढची मोटार अधिक चांगले करते, आणि शहरापुरत्या लहान गाडीला हा लाभ महत्त्वाचा असल्याने तिच्यात मागच्या चाकांचा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु भरलेली टॅक्सी, सात माणसांची गाडी आणि घाटातले वडाप यांच्यासाठी मागच्या चाकांची रचना आजही अधिक योग्य आहे, आणि विजेच्या गाड्यांत ती सध्या मुख्यतः महागड्या गाड्यांपुरती मिळावी हे अन्यायाचे आहे. सामान्यांसाठी गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांनी मागच्या आसावर मोटार असलेली, पाच माणसे व सामान वाहणारी साधी गाडी टॅक्सीवाल्याला परवडेल अशा किमतीत आणायला हवी, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान चाकण व पिंपरी येथील कारखान्यांत आता तयार आहे.