मृगशिंगांचे गुणांकन

१९२२ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात शिंगांचे आणि मस्तकांचे एक दालन उघडले. ते अर्पण होते जगातून लोप पावणाऱ्या महाश्वापदांच्या स्मृतीस! उभारणारे बहुतेक शिकारीच, हे विशेष. याच चिंतेतून बून अँड क्रॉकेट क्लबने १९५० मध्ये मापनपद्धती ठरवली. ओली शिंगे आक्रसतात, म्हणून प्रथम साठ दिवस सुकवायची. मग मुख्य दांडा, फाटे, घेर आणि दोन दांड्यांमधील अंतर इंचाच्या आठव्या हिश्शापर्यंत मोजायचे. मारणाऱ्याच्या नेमबाजीला मात्र एकही गुण नाही. सममिती हे सुदृढ प्राण्याचे लक्षण मानले गेले. त्यामुळे नेहमीच्या घडणीच्या शिंगांत डाव्या-उजव्या मापांत जेवढा फरक, तेवढे गुण वजा होतात.