आधी काय, मग काय: हासे आकृतीची कुळकथा

कामांची यादी कागदावर एकाखाली एक उतरते, आणि त्या मांडणीमुळेच तिसरं काम दुसऱ्यानंतरच करायला हवं असं वाटू लागतं. पुष्कळदा तसं बंधन नसतंच. बंधन नेमकं कुठं आहे आणि मोकळीक कुठं, हे दाखवणारं एक साधं चित्र गणितात आहे. त्याला हासे आकृती म्हणतात.

पुरणपोळीच्या स्वयंपाकाची आकृती काढून पाहू. कामं सात: डाळ शिजवणं, कट काढणं, गूळ घालून पुरण शिजवणं, पुरण वाटणं, कणीक तिंबणं, पोळी लाटून भाजणं आणि कटाची आमटी. तळाशी डाळ, तिच्यावर कट, मग पुरण, मग वाटणं आणि माथ्यावर पोळी. कणीक बाजूला, तिची रेघ थेट पोळीला. कटापासून दुसरी रेघ आमटीकडे. बाण लागत नाहीत. खालचं आधी, वरचं नंतर. डाळीपासून पोळीपर्यंत वेगळी रेघ नको, कारण मधल्या पायऱ्यांतून ती कळतेच. डाळ आणि कणीक यांच्यात तर वर चढत जाणारी वाटच नाही. कुठलंही आधी करा.

सात कामं एकामागून एक लावण्याचे ५,०४० प्रकार होतात. त्यांतले फक्त २३ या आकृतीला चालतात. आमटीत चमचाभर पुरण घालायची रीत असेल, तर पुरणापासून आमटीला नवी रेघ येते, कटापासून आमटीला जाणारी जुनी रेघ पुसली जाते आणि २३ चे १७ उरतात.

हे चित्र ज्यांच्या हाती घडलं, त्यांच्यापुढे कामांचा प्रश्न नव्हताच. फ्रान्समधल्या आंरी व्होग्ट यांच्या १८९५ च्या समीकरणांवरील पुस्तकात अशा आकृत्या आढळतात. हेल्मुट हासे हे जर्मन गणिती जन्मले १८९८ साली, म्हणजे त्या पुस्तकानंतर तीन वर्षांनी. संख्यासिद्धांतातल्या रचना एकमेकींत कशा सामावतात, हे दाखवायला त्यांनी या आकृत्या इतक्या प्रभावीपणे वापरल्या की त्यांचंच नाव चिकटलं. अमेरिकी गणिती गॅरेट बर्कहॉफ यांनी 'लॅटिस थिअरी' या ग्रंथात नावामागचं हेच कारण दिलं आहे.

चित्रामागची कल्पना म्हणजे आंशिक क्रम. फेलिक्स हाउसडॉर्फ यांच्या संचशास्त्रावरील १९१४ च्या ग्रंथात तिला जागा मिळाली. अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी असेल, तर अ हा क च्या आधी. पण कुठल्याही दोन गोष्टींत आधी-नंतर लागलंच पाहिजे, ही सक्ती नाही. या सक्तीच्या अभावातच कल्पनेचं सगळं बळ आहे. पोलंडचे एडवर्ड श्पिलरायन, पुढे मार्चेव्स्की या आडनावानं ओळखले गेलेले, यांनी १९३० साली सिद्ध केलं की कुठलाही आंशिक क्रम, त्यातलं एकही बंधन न मोडता, सरळ एका रांगेत लावता येतो. संच अनंत असला तरीही.

कामं या कुळात आली १९५७-५८ च्या सुमारास. ड्युपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी मोठ्या कारखान्यांच्या कामांसाठी 'क्रिटिकल पाथ' पद्धत बसवली. अमेरिकी नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' ही तशीच पद्धत आणली. आता प्रश्न होता हजारो कामांची जाळी यंत्राकडून रांगेत लावून घेण्याचा.

त्यावर आर्थर कान यांनी १९६२ साली मांडलेला उपाय आजही शिकवला जातो. ज्याच्या आधी काहीच उरलेलं नाही असं काम उचलायचं, रांगेत लिहायचं, त्यापासून निघणाऱ्या रेघा पुसायच्या आणि पुन्हा तसंच काम शोधायचं. कामं शिल्लक असूनही उचलण्याजोगं एकही सापडलं नाही, तर कुठंतरी वर्तुळ आहे: हे त्यासाठी अडलंय आणि ते ह्यासाठी. आयबीएम ७०९० या संगणकावर ३०,००० कामांचं जाळं तासाभराच्या आत लागेल, असं त्यांनी लिहिलं होतं.

१९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हा प्रोग्रॅम लिहिला. निमित्त असं, की एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ चूक शोधण्यात गेली होती. चूक आधीच दुरुस्त झालेली होती; फक्त बदललेली फाइल पुन्हा कंपाइल व्हायची राहिली होती. कोण कोणावर अवलंबून आहे हे एकदा लिहून दिलं, की 'मेक' बदललेल्या फाइलीवर अवलंबून असलेलंच काम पुन्हा करतो. बाकीच्याला हात लावत नाही.

समीकरणांपासून क्षेपणास्त्रांपर्यंत जाताना चित्राचा स्वभाव बदलला नाही: जेवढं बंधन खरं, तेवढंच दाखवायचं. माझ्या मते कामं वाटून देणाऱ्या प्रत्येकानं हे अंगी बाणवावं. ज्या दोन कामांमध्ये अशी चढती वाट नाही, ती दोन माणसं एकाच वेळी करू शकतात. यादीत ही सोय दिसत नाही. म्हणून आधी आकृती काढावी, प्रत्येक रेघेला 'हे त्याशिवाय खरंच अडतं का?' असं विचारावं, आणि उत्तर 'नाही' आलं तर ती पुसून टाकावी. कित्येक घरांतलं नि कचेऱ्यांतलं ताटकळणं अशा विनाकारण ओढलेल्या रेघांमुळेच असतं.