'ईटर्स ऑफ द डेड' : खरा प्रवासी आणि खोट्या तळटिपा

ऐतिहासिक कादंबरी वाचताना 'यातले खरे किती?' हा प्रश्न वाचकाच्या मनात येतोच. मायकेल क्रायटन (१९४२-२००८) या अमेरिकन लेखकाची १९७६ साली प्रसिद्ध झालेली 'ईटर्स ऑफ द डेड' ही कादंबरी हा प्रश्न मुद्दाम अवघड करून ठेवते. 'जुरासिक पार्क'मुळे क्रायटन यांचे नाव आपल्याकडे परिचित झाले. त्या मानाने ही छोटेखानी कादंबरी मागे पडली. व्हायकिंग योद्ध्यांमध्ये सापडलेल्या एका अरब माणसाची ही साहसकथा साहित्याच्या आणि इतिहासाच्याही विद्यार्थ्याने बारकाईने अभ्यासावी अशी आहे.

कथानक

कादंबरीचा निवेदक अहमद इब्न फदलान हा बगदादच्या खलिफाच्या शिष्टमंडळातील दूत. व्होल्गा नदीच्या काठी त्याची गाठ उत्तरेकडून आलेल्या नॉर्समन लोकांशी पडते. त्यांच्या मृत सरदाराचे अंत्यसंस्कार तो पाहतो. त्याच सुमारास रॉथगर राजाकडून मदतीची हाक येते. धुक्याबरोबर येणारे, माणसांचे मांस खाणारे 'वेंडोल' त्याच्या राज्यावर हल्ले करीत असतात. बुलिवाइफ हा वीर मदतीला निघतो. परंतु तेरा जणांच्या तुकडीतील एक माणूस नॉर्समन नसावा, असे भविष्य सांगणारी वृद्धा बजावते. तो परका माणूस म्हणजे इब्न फदलान. सोबत्यांच्या अस्वच्छतेची किळस करणारा हा नागर गृहस्थ हळूहळू त्यांच्या खांद्याला खांदा लावून लढू लागतो, हा कादंबरीचा गाभा.

खरा इब्न फदलान

इब्न फदलान ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. व्होल्गाकाठच्या बल्गार लोकांच्या राजाने इस्लामची शिकवण देणारे धर्मज्ञ, तसेच मशीद आणि किल्ला बांधण्यासाठी साहाय्य मागितले होते. त्यानुसार खलिफा अल्-मुक्तदिर याने पाठविलेले शिष्टमंडळ जून ९२१ मध्ये बगदादहून निघाले आणि मे ९२२ मध्ये आजच्या रशियातील तातारस्तानच्या परिसरात पोचले. खलिफाचे पत्र वाचून दाखविणे आणि भेटवस्तू सुपूर्द करणे ही इब्न फदलानची जबाबदारी होती. मात्र किल्ल्यासाठीचे चार हजार दिनार वाटेत वसूल न झाल्याने त्याला राजाचा रोष पत्करावा लागला.

अरब प्रवाशांच्या अशा वृत्तांतांची महाराष्ट्रालाही ओळख आहे. इब्न फदलानच्या काही वर्षे आधी अल्-मसूदी कोकणातील सैमूर, म्हणजेच चौल येथे येऊन गेला होता.

इब्न फदलानच्या वृत्तांतातील काही भाग याकूत या तेराव्या शतकातील भूगोलकाराच्या कोशातील अवतरणांमुळे टिकून राहिला. पुढे १९२३ साली झेकी वेलिदी तोगान या अभ्यासकाला इराणमधील मशहद येथे अधिक विस्तृत हस्तलिखित सापडले. त्याचाही शेवटचा भाग मात्र उपलब्ध नाही.

सांधा कोठे आहे?

कादंबरीची पहिली तीन प्रकरणे बव्हंशी मूळ वृत्तांतावर आधारलेली आहेत. त्यानंतरचा डोलारा 'बेओवुल्फ' या प्राचीन इंग्रजी महाकाव्यावर उभा आहे. बुलिवाइफ म्हणजे बेओवुल्फ, रॉथगर म्हणजे ह्रोथगार. काव्यातील राक्षसांच्या जागी क्रायटन यांनी निअँडरथल मानवाचे उरलेसुरले वंशज कल्पिले. निअँडरथल आणि आपले पूर्वज यांच्यात संकर झाला होता, हे २०१० मध्ये जनुकीय अभ्यासातून पुढे आले. परंतु निअँडरथल मानव सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीच नामशेष झाला होता. दहाव्या शतकात तो असल्याचा कोणताही पुरावा नाही.

या रचनेमागची हकिकत क्रायटन यांनी १९९२ मध्ये लिहिलेल्या टिपणात दिली आहे. एका मित्राने कंटाळवाण्या अभिजात ग्रंथांवर अभ्यासक्रम शिकविण्याचे ठरविले आणि त्यात 'बेओवुल्फ'चा समावेश केला. हे काव्य मुळात रंजक आहे, असा क्रायटन यांचा दावा होता. तो सिद्ध करण्याच्या ईर्ष्येतून ही कादंबरी जन्मली.

तळटिपांचा फसवा आधार

कादंबरीची मांडणी एखाद्या विद्वत्तापूर्ण संपादित ग्रंथासारखी आहे. प्रस्तावना, तळटिपा, संदर्भसूची सारे काही आहे. हस्तलिखिताचे भाषांतर करणाऱ्या प्राध्यापकाचे नाव आहे फ्राउस-डोलुस. लॅटिनमध्ये या दोन्ही शब्दांचा अर्थ फसवणूक! संदर्भसूचीत 'नेक्रोनॉमिकॉन' हा लव्हक्राफ्ट या भयकथाकाराने कल्पिलेला ग्रंथही खऱ्या ग्रंथांच्या रांगेत बसविला आहे. पुढे पुढे कोणता संदर्भ खरा आणि कोणता आपण रचलेला, हे खुद्द लेखकालाही आठवेना, अशी कबुली त्यांनी दिली आहे. लेखकाची ही अवस्था, तर वाचकाची काय कथा?

पुढे या कथेवर 'द थर्टीन्थ वॉरियर' (१९९९) हा चित्रपट आला. त्यात अंतोनियो बांदेरास याने इब्न फदलानची भूमिका केली. तिकीटबारीवर तो अपयशी ठरला, तरी तलवार परजणारा इब्न फदलान अनेकांच्या मनात ठसला. बल्गार राजाचा जाब ऐकून घेणारा खरा इब्न फदलान मात्र मागे पडला. कादंबरीत तर तो त्या राजापर्यंत पोचतच नाही.

अभ्यास कसा करावा?

प्रथम कादंबरी कथा म्हणून वाचावी. नंतर मूळ वृत्तांताचे भाषांतर शेजारी ठेवून पहिली प्रकरणे ताडून पाहावीत. पुढील भागासाठी 'बेओवुल्फ' हाताशी असावे. एखादी तळटीप पटली, तरी ती पडताळल्याशिवाय स्वीकारू नये.

असे वाचन करताना एक प्रसंग विद्यार्थ्याला थबकायला लावतो. मृत सरदारासोबत जाण्यास पुढे आलेल्या दासीला मद्य पाजले जाते. 'मृत्युदूत' म्हणवली जाणारी वृद्धा तिला मारते. तिचा आक्रोश बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पुरुष ढालींवर काठ्या आपटतात. अखेर नौकेला अग्नी दिला जातो. हे क्रायटन यांच्या कल्पनेतून आलेले नाही. इब्न फदलानने व्होल्गाकाठी पाहिलेल्या अंत्यसंस्काराचे ते वर्णन आहे. त्या दासीचे नाव त्याने नोंदविलेले नाही. रॉथगरच्या राज्यातील लढाया कल्पित आहेत, ही नाव नसलेली मुलगी मात्र खरी आहे. खऱ्या-खोट्याची सरमिसळ झाली की 'हीदेखील कादंबरीच' असे म्हणून वाचक तिला ओलांडून पुढे जातो. तिचा मृत्यू कल्पित ठरू नये, एवढ्यासाठी तरी हा सांधा शोधणे आवश्यक आहे.