पाठीच्या कण्याचा क्षय व शस्त्रवैद्य

कुबड हें आपल्या समाजानें पूर्वकर्माचें फळ मानलें. मंथरेच्या कथेमुळें तें दुष्टपणाचें चिन्हहि ठरलें. परंतु ज्यास लोक दैव म्हणत, तो पुष्कळदां क्षयरोगच असे. इजिप्तमधील एका पुरोहिताच्या ममीच्या कण्यांतहि त्याच्या खुणा सांपडल्या आहेत. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७९ सालीं कुबड व पायांचें लुळेपण यांचा संबंध वर्णिला. रोगाचा जंतु १८८२ सालीं रॉबर्ट कॉक यांनीं दाखविला.

हा रोग मणक्याचा पुढचा, म्हणजे भार वाहणारा भाग पोखरतो. तो ढांसळला कीं कणा पुढें वाकतो, पाठीवर उंचवटा येतो, आणि पुवाचा दाब मज्जारज्जूवर पडला म्हणजे पाय लुळे पडतात. १८९६ सालीं फ्रान्समध्यें कालो यांनीं क्लोरोफॉर्म देऊन कुबड बळानें सरळ करून पाहिलें. तो उपाय लवकरच सोडावा लागला. मणक्याची मागची कमान काढण्याची शस्त्रक्रिया केली, तर उरलासुरला आधारहि जाई. १९११ सालीं न्यूयॉर्कमध्यें आल्बी व हिब्ज यांनीं मणके सांधण्याच्या रीति काढल्या. पण रोगाचें घर पुढें होतें, आणि औषधावांचून तेथें शस्त्र नेणें जिवावरचें होतें. १९४३ सालीं स्ट्रेप्टोमायसिन सांपडल्यावर हा धोका कमी झाला. हाँगकाँगचे हॉजसन व स्टॉक यांनीं पुढून शिरून, कुजलेलें हाड काढून, त्या जागीं निरोगी हाड बसविण्याची पद्धति १९५६ सालीं प्रसिद्ध केली. काशीच्या डॉ. तुली यांनीं १९७५ सालीं 'मध्यममार्ग' मांडला: आधीं औषध, त्यानें भागलें नाहीं, तरच शस्त्र.

हा मध्यममार्ग वेळेवर निदान झालें तरच साधतो, आणि चांद्याच्या अरण्यांत नेमकी अडचण तीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतून १९८२ सालीं गडचिरोली वेगळा झाला. १९८६ पासून डॉ. अभय व राणी बंग यांनीं तेथें काम मांडलें. शोधग्राम येथील त्यांच्या दवाखान्यास आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचें नांव आहे. मुंबईचे डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी तेथें येऊन कण्याच्या शस्त्रक्रिया करतात. शेंकडों कोस रोग्यानें जाण्याऐवजीं शस्त्रवैद्यानेंच अरण्यांत यावें, ही गोष्ट लहान नव्हे.

तरीहि धानाची रोवणी वांकून करणाऱ्या व डोक्यावर मोळी वाहणाऱ्या माणसास पाठदुखी हा कष्टाचा नेहमींचा भाग वाटतो. त्या दुखण्यांत ताप व रोडावणें मिसळलें, तरी तो पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुरापलीकडे अडकून राहतो. औषध सरकारांतून फुकट मिळतें. तें घेण्याची वेळ मात्र निघून जाते. मग जें गोळ्यांनीं बरें व्हावयाचें, तें शस्त्रापर्यंत पोहोंचतें. कधीं शस्त्राच्याहि पलीकडे जातें.

पॉटपासून तुलींपर्यंतचें सारें ज्ञान अखेर एका साध्या प्रश्नावर येऊन ठेपतें: सतत दुखणाऱ्या पाठीची चौकशी गांवांत प्रथम कोण करील? शस्त्रवैद्याच्या हातांत कितीहि कौशल्य असलें, तरी त्या पहिल्या चौकशीची जागा तें घेऊं शकत नाहीं.