पणजीची इगर्ज

इतिहासाच्या व्याख्यानात किल्ले येतात, राजवाडे येतात, लढाया तर येतातच. पण ज्या वास्तूत पिढ्यान्‌पिढ्या साध्या माणसांची बारशी, लग्ने आणि अंत्यविधी झाले, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गोव्यातील धर्मग्रामाचे चर्च ही अशीच एक वास्तू. गोवेकर तिला इगर्ज म्हणतात. पणजीच्या टेकडीवर उभी असलेली निष्कलंक गर्भसंभवाच्या मातेची इगर्ज आज आपण पाहणार आहोत.

जेथे ती उभी आहे तेथे 1541 साली एक लहानसे प्रार्थनामंदिर बांधले गेले. पणजी तेव्हा शहर नव्हते. माड, दलदल, कोळ्यांची घरे आणि नदीकाठी आदिलशहाचा वाडा, एवढाच तिचा पसारा. लिस्बनहून महिनोन्‌महिने समुद्र कापून आलेली गलबते मांडवीच्या मुखातून आत शिरत, तेव्हा उजव्या हाताला हे मंदिर दिसे. खलाशी येथे उतरून देवाचे आभार मानीत आणि मग वर राजधानीकडे, म्हणजे आजच्या जुन्या गोव्याकडे जात, असे सांगतात.

परंतु 1541 या सालाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. याच सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली, आणि त्याच वर्षी देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कार्याकडे वळविण्यात आले. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्याला गेला. 1668 साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे आपणांस ठाऊकच आहे. तेव्हा ही इगर्ज पाहताना दोन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत: खलाशांची कृतज्ञता आणि गावकऱ्यांचे दुःख. एकीसाठी दुसरी विसरली, तर आपण इतिहास वाचला नाही, नुसती बाजू घेतली, असे होईल.

1619 साली जुन्या मंदिराच्या जागी मोठी वास्तू उभी राहिली. गोव्याचा दगड म्हणजे जांभा. तो कापायला सोपा, पण सच्छिद्र. उघडा राहिला तर कोकणचा पाऊस त्याला हळूहळू खाऊन टाकतो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि वर पांढरी सफेदी. लांबून आपल्याला जी शुभ्र शोभा वाटते, ती मुळात पावसापासून केलेली राखण आहे. दर्शनी भागाच्या दोन्ही अंगांना दोन मनोरे आहेत. समोर नागमोडी वळणे घेत चढणारा दुहेरी जिना पुढच्या काळात जोडला गेला, आणि टेकडीचा उतार हाच वास्तूचा चौथरा बनला. आत शिरले की बाहेरच्या साधेपणाची भरपाई होते. मुख्य वेदी मातेची. तिच्या दोन अंगांना सोन्याच्या मुलाम्याच्या, कोरीव कामाने भरलेल्या वेद्या, एक क्रूसावरील ख्रिस्ताची, दुसरी रोझरीच्या मातेची.

आता घंटेकडे वळू. जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन संन्याशांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस एक भव्य चर्च बांधावयास घेतले होते. त्याचा मनोरा सुमारे 46 मीटर उंच होता. पुढे रोगराईने ते शहर ओस पडत गेले. पोर्तुगालमध्ये उदारमतवाद्यांचे राज्य आले, आणि 1835 साली गोव्यातील संन्यासी संघ बरखास्त झाले. मठ रिकामा झाला. अवघ्या सात वर्षांत, 1842 साली, चर्चचे छत कोसळले. 1931 साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. मनोऱ्यातली प्रचंड घंटा मात्र वाचली. काही काळ ती आग्वादच्या दीपगृहात होती. 1871 साली ती पणजीच्या इगर्जीत आली. सेच्या कथेड्रलातील सोनेरी घंटेखालोखाल गोव्यातली हीच मोठी.

एवढी घंटा टांगायची कोठे? बाजूचे मनोरे तिला पुरेसे नव्हते. म्हणून दर्शनी भागाच्या मधोमध उंच कमान उभारून तीत ती बसविली. आज ज्या आकृतीवरून आपण ही इगर्ज ओळखतो, तिचा माथा असा दुसऱ्या चर्चच्या नाशातून घडला आहे. आणखी एक वारसा 1918 सालचा. पूर्वीच्या आदिलशाही वाड्यात 1759 पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय राहू लागले होते. तेथील खाजगी प्रार्थनामंदिराची कोरीव वेदी त्या वर्षी या इगर्जीच्या दक्षिणेकडील दालनात आणली गेली.

येथे एक प्रश्न विचारला पाहिजे. ऑगस्टिनियनांचे चर्च या इगर्जीहून कितीतरी मोठे होते. मग ते का पडले आणि ही का टिकली? दगड तोच, पाऊसही तोच. फरक माणसांचा होता. मठ संघाच्या जिवावर उभा होता. संघ गेला आणि छतावरचे फुटके कौल बदलणारे कोणी उरले नाही. इगर्जीभोवती मात्र वस्ती होती, आणि 1843 साली पणजीला राजधानीचा दर्जा मिळाल्यावर ती वाढतच गेली. राज्ये बदलली, 1961 साली पोर्तुगीज सत्ताही गेली. पण 8 डिसेंबरचे फेस्त चुकले नाही आणि पावसाळ्यानंतरची सफेदीही चुकली नाही.

आपल्या गावची देवळे, मशिदी, वाडे, बारवा यांनाही हाच न्याय लागू आहे. नुसत्या संरक्षणाच्या पाटीने वास्तू वाचत नाही. तिला रोज उघडणारा, झाडणारा, गळते कोठे ते पाहणारा माणूस लागतो. ज्या दिवशी तो माणूस उठून जातो, त्याच दिवशी तिच्या पडझडीला आरंभ होतो. छत कोसळते ते मागाहून.