परसातले अनोळखी झाड

आमच्या नव्या बिऱ्हाडाच्या परसात एक झाड होते. उन्हाळ्याच्या अखेरीस त्याला गुलाबीसर पिवळ्या फळांचे घोस लागले. कोणी म्हणाले जंगली, कोणी म्हणाले विषारी. मुलांच्या काळजीने ते तोडायचेही ठरले. तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या. त्यांनी फळ चाखले नाही. चिमटीत चिरडले आणि बोटे हलकेच दूर केली. मध्ये चिकट तार ताणली गेली.

"अहो, ही तर भोकर! हिची हिरवी फळे लोणच्यात घालतात."

आजींची ही परीक्षा फार जुनी. अमरकोशात या झाडाचे एक नाव 'श्लेष्मातक' असे आहे. श्लेष्म म्हणजे चिकट कफ. पुढे १७५३ साली स्वीडनच्या लिनियसने 'कॉर्डिया मिक्सा' हे नाव दिले. १५४४ साली ऐन तारुण्यात वारलेल्या व्हालेरियस कॉर्डस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची स्मृती त्यातल्या 'कॉर्डिया'त आहे. आणि 'मिक्सा' म्हणजे ग्रीक भाषेत पुन्हा श्लेष्मच! आपल्याकडच्या भोकरीला शास्त्रज्ञ आता बहुधा 'कॉर्डिया डायकोटोमा' म्हणतात. नाव बदलले, चिकटपणा तोच.

दूरदूरच्या विद्वानांनी पोथ्यांत नोंदले, तेच आजींच्या बोटांना ठाऊक होते. वाचकहो, आपल्याही परसात असे निनावी झाड असेल, तर कुऱ्हाडीआधी एखाद्या आजीला बोलवा. आमची भोकर अजून उभी आहे, आणि लोणच्याची बरणी फळीवर.