नीलांची साक्ष : कटिप्रदेशीय नीलाचित्रणाचा अल्पायुषी इतिहास

कंबरेतून पायात उतरणारी कळ अनेकदा मणक्यांमधील सरकलेल्या चकतीमुळे येते, हे १९३४ मध्ये बोस्टन येथील मिक्स्टर व बार यांनी प्रस्थापित केले. तत्पूर्वी शस्त्रक्रियेत आढळणारे असे उंचवटे कूर्चेच्या गाठी समजले जात. कारण उमगले, परंतु साध्या क्ष-किरणचित्रात चकती दिसत नाही. त्यामुळे पाठ उघडण्यापूर्वी दोषाचे स्थान निश्चित करणे हा प्रश्न पुढेही बिकटच राहिला.

प्रचलित उपाय मायलोग्राफीचा होता. मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात क्ष-किरणरोधक द्रव्य सोडून त्याच्या स्तंभाला पडलेली खाच पाहिली जाई. १९४० च्या दशकात आलेले पँटोपेक हे तेलकट द्रव्य सुईने परत काढावे लागे. मागे राहिलेल्या अंशामुळे काही रुग्णांत आवरणदाह होऊन दुखण्यात भरच पडे. शिवाय पाचवा कटिमणका व त्रिकास्थी यांच्यामध्ये मेरुरज्जूचे आवरण चकतीपासून काहीसे दूर असते. मधली जागा मेद व नीलांनी भरलेली असते. तेथे चकती सरकूनही चित्र निर्दोष येऊ शके; आणि चकती वारंवार सरकते ती ज्या दोन ठिकाणी, त्यांपैकी हे एक!

या मधल्या जागेतील नीलाच पुढे साक्षीला आल्या. फिलाडेल्फियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ बॅटसन यांनी १९४० मध्ये मणक्यांभोवतीच्या नीलाजालाचे कार्य विशद केले. त्यांचा हेतू अगदी वेगळा होता : पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग मणक्यांत कसा पोहोचतो, हे शोधण्याचा. या नीलांना झडपा नसतात. पोटातील दाब वाढला की रक्त त्यांच्याकडे वळते. नेमका हाच गुणधर्म निदानाच्या कामी आला. प्रथम मणक्याच्या हाडातच द्रव्य टोचण्याचे प्रयोग झाले, पण ते वेदनादायक होते. १९७४ मध्ये गार्गानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी जांघेतील नीलेतून नळी वर नेऊन द्रव्य सोडण्याची पद्धत मांडली. रुग्णाने श्वास रोखून जोर केला की नीलाजाल भरून येई. चकतीच्या अगदी मागून जाणारी नीला एका बाजूस वाकलेली वा खंडित दिसली, की दोषाचे स्थान कळे.

पद्धतीला मर्यादाही होत्या. नळी प्रत्येक वेळी इष्ट स्थळी पोहोचत नसे. पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या पाठीत व्रणामुळेही नीला खंडित दिसे. १९८० च्या दशकात सीटी स्कॅन व त्यामागोमाग एमआरआय यांनी तिची गरज संपविली. तरीही मायलोग्राफीवरून थेट सीटी स्कॅनकडे उडी घेणारी इतिहासाची मांडणी अपुरी वाटते. सीटी स्कॅन वाचताना तर याच फुगलेल्या नीला कधीकधी सरकलेल्या चकतीचा आभास निर्माण करतात.